कारण सांगणारी छाट

आमच्या आईने तीस वर्षे बिड्या वळल्या. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत हे काही वेगळे नव्हते. त्या काळी घरोघरी तेच होते. सकाळची कामे आटोपली की आई दारात बसायची. मांडीवर सूप, सुपात भिजवलेला तेंदूपत्ता, कैची, पत्र्याचा फर्मा, तंबाखू आणि धाग्याची गुंडी. दिवे लागणीपर्यंत आठशे-हजार बिड्या व्हायच्या. मग कट्टे बांधून त्या ठेकेदाराकडे न्यायच्या.

तिथला माणूस कट्टा हातात घ्यायचा, दोन-चार बिड्या दाबून पाहायचा आणि मूठभर बिड्या बाजूला टाकायचा. त्याला छाट म्हणत. छाटीचे पैसे मिळत नसत आणि छाटलेला माल परतही मिळत नसे. मी लहानपणी आईचे बोट धरून जात असे. आई विचारायची, "भाऊ, का छाटली? तंबाखू कमी पडला का? सांगसान त उद्या चांगल्या करीन." तो मान वर न करता म्हणायचा, "छाट म्हणजे छाट."

घरी येताना आई पैशाबद्दल फारसे बोलत नसे. ती म्हणायची, "कारण तरी सांगाले पायजे होतं."

वाचक भगिनींना वाटेल, कुटुंबाच्या पानावर आज बिडीची आठवण कशाला? तर मी आज नागपूरला संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करते. आईने छाट सोसली म्हणून मी शिकले. आणि माझ्याच हातून, माझ्याच वस्तीतल्या एका बाईवर, कारण न सांगता छाट झाली. ती कशी झाली आणि पुढे मी काय शिकले, हे सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या वस्तीत महिलांचा बचत गट आहे. चौदा जणी आहेत. महिन्याला शंभर रुपये जमा करायचे, उशीर झाला तर दहा रुपये दंड, आणि जमलेल्या रकमेतून गरजेप्रमाणे कर्ज. महिन्याची बैठक विहाराच्या ओसरीत होते. हिशेब वहीत असायचा. मी शिकलेली, म्हणून बायांनी मोठ्या कौतुकाने वही माझ्या हाती दिली, "बाई, तू हे कंप्युटरवर करून दे." मी एका रविवारी बसून सगळी वही संगणकातल्या तक्त्यात उतरवली आणि सूत्र घातले : रक्कम शंभरपेक्षा कमी असेल तर दंड लावावा. यादी छापून बैठकीत दिली. बायांनी टाळ्या वाजवल्या. मलाही अभिमान वाटला.

त्या यादीत आमच्या शेजारच्या एका मावशीच्या नावापुढे तीनशे रुपये बाकी आणि तीस रुपये दंड आला. मावशीने त्याच बैठकीत पाच हजारांचे कर्ज मागितले होते. नातीला आयटीआयमध्ये प्रवेश घ्यायचा होता, आणि मुदत जवळ आली होती. बाकी असलेल्या सदस्याला कर्ज द्यायचे नाही, असा गटाचा नियम. मावशी उभी राहून म्हणाली, "मी त पैसे देल्ले होते बाई." पण छापील कागदापुढे कोण ऐकतो? कुणीतरी म्हणाले, "कंप्युटर खोटं बोलते का?" मावशी खाली बसली. मीही गप्प राहिले. कागद माझा होता ना!

पंधरा दिवसांनी वहीच्या कव्हरात एक चिठ्ठी सापडली. आषाढ-श्रावणात मावशी धानाच्या रोवणीला जात होती. बैठकीला येणे जमत नव्हते म्हणून तीन महिने ती सचिवबाईंच्या घरी पैसे नेऊन देत होती. सचिवबाईंनी ते चिठ्ठीवर लिहिले आणि वहीत उतरवायचे राहून गेले. वहीतले तीन रकाने रिकामे होते. मी तक्त्यातही ते रिकामे ठेवले. संगणकाने रिकाम्या जागेला शून्य मानले. शून्य शंभरपेक्षा कमी. लागला दंड! तोपर्यंत मावशीने कानातले गहाण ठेवून नातीची फी भरली होती.

आईला कळले तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "ठेकेदार पण असाच करे. तुझ्या मशीननं बी कारण नाही सांगतलं."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

"पैसे भरले नाहीत" आणि "नोंद सापडत नाही" या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीत दोष सदस्याचा, दुसरीत दोष लिहिणाऱ्याचा. माझ्या तक्त्यात या दोन्हींना एकच जागा होती, रिकामी. पुढे वाचताना कळले की हा घोळ संगणकाच्या दुनियेत फार जुना आहे. टोनी होर नावाच्या नामवंत इंग्रज शास्त्रज्ञांनी १९६५ साली एका संगणकभाषेत "काहीच नाही" दाखवणारी एक रिकामी किंमत घातली. तिला नल म्हणतात. करायला सोपी होती, म्हणून घातली. पुढे कित्येक भाषांनी तिचे अनुकरण केले. जिथे काही आहे असे धरून प्रोग्राम चालतो तिथे ऐनवेळी काहीच नसते, आणि तो कोसळतो किंवा चुकीचे उत्तर देतो. २००९ साली होर यांनी भर सभेत आपली चूक कबूल केली आणि ती शंभर कोटी डॉलरची चूक असल्याचे सांगितले. एवढा मोठा माणूस स्वतःची चूक जाहीरपणे मान्य करतो, हे मला फार आवडले.

याच शोधात मला ग्लीम नावाची भाषा भेटली. भाषा अगदी तरुण आहे. लुई पिलफोल्ड या ब्रिटिश तरुणाने ती सुरू केली. २०१९ साली तिची पहिली आवृत्ती आली आणि ४ मार्च २०२४ रोजी तिची १.० ही पक्की आवृत्ती आली. तिचे बोधचिन्ह एक गुलाबी तारामासा आहे, त्याचे नाव ल्युसी. भाषा तरुण असली तरी तिचा पाया जुना आहे. एरिक्सन या स्वीडनच्या कंपनीत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरलँग ही भाषा तयार केली. एक फोन तुटला तरी बाकीचे चालू राहिले पाहिजेत, अशी तिची बांधणी आहे. १९९८ मध्ये कंपनीने ती सर्वांना खुली केली. आपल्या मोबाईलवरच्या व्हॉट्सॲपचे सर्व्हर याच एरलँगमध्ये लिहिले गेले. ग्लीममध्ये लिहिलेला प्रोग्राम याच पायावर चालतो; हवे तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्येही त्याचे रूपांतर होते.

ग्लीम ही फंक्शनल घराण्यातली भाषा आहे. म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगते. अशा भाषेत लिहिलेली किंमत नंतर खोडता येत नाही. जुनी यादी जशीच्या तशी राहते, आणि बदल हवा असेल तर त्यापासून नवी यादी तयार होते. खोडरबर नसलेली जमा-खर्चाची वही समजा. खाडाखोड नाही, जुन्या नोंदीच्या खाली नवी नोंद. दुसरे असे की हिशेबाचा प्रत्येक तुकडा वेगळा लिहिलेला असतो. त्याला तीच रक्कम दिली की तेच उत्तर यायला हवे. सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरे, असे चालत नाही. त्यामुळे एखादा तुकडा बरोबर आहे की नाही हे तपासणे सोपे जाते.

हे विचार महाराष्ट्राला नवे नाहीत. १९९० साली हॅस्केल ही या घराण्यातली भाषा आली. तिच्याच वळणावर मार्क जोन्स यांनी गोफर ही छोटी भाषा केली. ती भाषा अगदी नवी असताना, १९९० च्या दशकात, रुस्तुम मोदी यांनी पुणे विद्यापीठात विद्यार्थ्यांना तिच्यातून प्रोग्रामिंग शिकवले, आणि शिकवायला सोयीची व्हावी म्हणून तिच्यात बदल करून "पुगोफर" केली. म्हणजे पुण्याचे गोफर! त्याच विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. परदेशातून आलेली नवी वस्तू जशीच्या तशी न घेता आपल्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वळवून घ्यायची, हा धडा मला त्यातून मिळाला.

आता माझ्या शिकण्याची गोष्ट. ग्लीम फुकट आहे. शिकायला सुरुवात करण्यासाठी काही बसवून घ्यावे लागत नाही. तिचे पाठ ब्राउझरमध्येच उघडतात आणि तिथल्या तिथे लिहून पाहता येते. मी रात्री जेवणे झाल्यावर तासभर बसत असे. नंतर संगणकावर ती उतरवून घेतली. एकाच छोट्या फाइलमध्ये सगळी हत्यारे येतात. नवे काम मांडणारे, प्रोग्राम तपासणारे, चाचण्या चालवणारे, लिखाण नीटनेटके करणारे, दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग आणणारे. नोकरीत मला यातले प्रत्येक हत्यार वेगळे शोधून, एकमेकांशी जुळवून घ्यावे लागले होते. नवख्या माणसाचा निम्मा उत्साह त्यातच संपतो. इथे तसे झाले नाही.

पहिल्याच आठवड्यात माझी छाट झाली. मी दोन रकमा मिळवल्या, त्या दशांश चिन्हाच्या होत्या. ग्लीममध्ये पूर्णांकांची बेरीज आणि दशांशांची बेरीज यांची चिन्हे वेगळी आहेत. प्रोग्राम तपासणाऱ्या हत्याराला कंपायलर म्हणतात. कंपायलरने माझे लिखाण नाकारले. पण कसे? ती ओळ जशीच्या तशी दाखवली, चूक होती त्या चिन्हाखाली रेघ मारली, आणि खाली लिहिले की हे चिन्ह पूर्णांकांसाठी आहे, दशांशांसाठी पुढे टिंब असलेले चिन्ह वापरा. मी टिंब दिले. काम झाले.

मी त्या पडद्याकडे पाहतच राहिले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझी चूक झाली की वरिष्ठ म्हणायचे, "एवढेही येत नाही?" आमच्यापैकी पुष्कळांनी हे वाक्य शाळेत, कचेरीत, कारखान्यात ऐकले असेल. त्या वाक्यात चूक कुठे आहे हे नसते, कशी सुधारावी हेही नसते. फक्त तुम्ही कोण आहात, याची आठवण करून दिलेली असते. कंपायलरने माझे नाव विचारले नाही, आडनाव विचारले नाही. माल छाटला, पण जागा दाखवली, कारण सांगितले आणि उपायही सांगितला. ही छाट मला आवडली.

मग मी गटाचा हिशेब पुन्हा लिहायला घेतला. एका सदस्याची एका महिन्याची नोंद तीनच प्रकारची असू शकते, असे मी भाषेला सांगितले. भरले, आणि किती भरले. भरले नाही. नोंद सापडत नाही. ग्लीममध्ये ती नल नावाची रिकामी किंमत मुळातच नाही. रिकामे ठेवायचे असेल तर "इथे रिकामे असू शकते" असे आधी स्पष्ट लिहावे लागते.

यानंतर मी दंडाचा हिशेब लिहिला. भरले असेल तर दंड शून्य. भरले नसेल तर दहा. कंपायलरने नाकारले. म्हणाला, तुम्ही सगळ्या शक्यता हाताळलेल्या नाहीत, आणि राहिलेल्या शक्यतेचे नाव लिहून दाखवले : नोंद सापडत नाही. मावशीची जागा! ज्या प्रश्नापाशी आमची भरलेली बैठक थांबली नाही, तिथे हा कंपायलर थांबला आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाईना.

पळवाट आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते. "उरलेले सगळे" अशा अर्थाचे एक चिन्ह टाकले की कंपायलर गप्प बसतो. मी ते टाकले नाही. पण उत्तर तरी काय लिहायचे? नोंद सापडत नसेल तर दंड लावायचा की नाही, हे भाषेने ठरवायचे नाही आणि मीही एकटीने ठरवायचे नाही. तो गटाचा अधिकार आहे. मी पुढच्या बैठकीत हाच प्रश्न मांडला. आधी मावशीची माफी मागितली. बाया बराच वेळ बोलल्या. शेवटी ठरले की नोंद सापडत नसेल तर दंड नाही, कर्जही अडवायचे नाही. आधी पासबुक आणि चिठ्ठ्या पाहायच्या, मग सदस्याला विचारायचे. मी तसे लिहिले, आणि कंपायलरने प्रोग्राम स्वीकारला. गहाण पडलेले कानातले सोडवायला गटाने मावशीला बिनव्याजी रक्कम दिली.

मावशीची हकीगत मी चाचणी म्हणूनही लिहून ठेवली आहे. तीन महिने नोंद नाही, तर दंड शून्य आलाच पाहिजे. प्रोग्राममध्ये मी काहीही बदल केला की ही चाचणी आधी चालवते.

काही महिन्यांनी एक सदस्य बाळंत झाली. बायांनी ठरवले की बाळंतपणात आणि मोठ्या आजारात तीन महिने मुभा द्यायची. मी नोंदीचा चौथा प्रकार वाढवला : मुभा. लगेच कंपायलरने एकामागून एक तीन ठिकाणे दाखवली. दंडाचा हिशेब, महिन्याची बेरीज आणि छापील यादी. या तिन्ही जागी मुभा असलेल्या बाईचे काय करायचे, ते लिहा म्हणाला. जुन्या तक्त्यात मी यातली एक जागा नक्की विसरले असते, आणि त्या ओल्या बाळंतिणीवर दंड बसला असता.

तथागतांनी कालामांना सांगितलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका. स्वतः तपासून पाहा. पूर्वी मी हे पोथीपुराणापुरते समजत होते. "कंप्युटर खोटं बोलते का?" हीसुद्धा एक नवी पोथीच आहे, हे मावशीमुळे कळले. छापील कागदालाही प्रश्न विचारला पाहिजे. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून सरकारच्या चलननीतीची चिकित्सा केली. मग आपण आपल्या शंभर रुपयांचा हिशेब का तपासू नये?

आता थोडे उणे-दुणेही सांगते, नाहीतर कुणी मुले माझा लेख वाचून फसायची. ग्लीमच्या नोकऱ्या फार थोड्या आहेत. पोटासाठी जावा, पायथन किंवा जावास्क्रिप्ट शिकावेच लागते, आणि मीही नोकरीत तेच वापरते. भाषा नवी असल्याने तयार भाग कमी. जुन्या भाषांत जे आयते मिळते ते इथे कधी कधी हाताने लिहावे लागते. मी शिकताना एक जुना पाठ हाती आला. त्यातला "ट्राय" हा शब्द भाषेतून काढून टाकलेला, आणि त्याच्या जागी २०२२ मध्ये आलेला "यूज". मी दोन रात्री डोके फोडले. १.० नंतर मात्र जुने लिखाण मोडणार नाही, असे तिच्या कर्त्यांनी वचन दिले आहे. आणि प्रोग्राममधली नावे रोमन अक्षरांतच द्यावी लागतात, देवनागरी चालत नाही. पण छापील यादी पूर्ण मराठीत येते. "भीम" या शब्दाची लांबी विचारली तर ग्लीम दोन सांगते, आपण मोजतो तशी. पुष्कळ भाषा वेलांटी वेगळी मोजून तीन सांगतात.

एक गोष्ट राहिली. या भाषेच्या ओळखीच्या पहिल्याच पानावर मी वाचले की काळ्या माणसांच्या जिवाला मोल आहे, तृतीयपंथीयांचे हक्क हे मानवी हक्क आहेत आणि नाझी विचाराला इथे थारा नाही. अवजाराच्या पेटीवर असे कुणी लिहिते का? काहींना ते खटकतही असेल. मला मात्र वाटले की दारावरच हे लिहिले आहे, म्हणजे आत जाताना मान खाली घालायची गरज नाही. दारावर काय लिहिले आहे, हे आपल्या माणसाला विचारायची सवय लागलेली असते.

आज गटाची यादी महिन्याच्या पहिल्या रविवारी छापून निघते. शेवटी एक वेगळा रकाना असतो : "नोंद सापडत नाही, कृपया पासबुक आणावे." मागच्या बैठकीत मावशीने चष्मा लावून यादी हातात घेतली. स्वतःच्या नावापुढे बोट ठेवून बारा महिने मोजले. मग दुसऱ्या एका बाईच्या नावापुढे बोट नेऊन तिला म्हणाली, "तुही आश्विनाची नोंद नाही दिसत. दंड नाही लागला, पण पासबुक घेऊन ये."

आई विहाराच्या पायरीवर बसून ऐकत होती. घरी येताना म्हणाली, "आता कसं, कारण लिहून येते."

घरात ज्यांची मुले-मुली संगणक शिकत आहेत, त्या मातापित्यांना माझी एकच विनंती. मुलाने काही करून दाखवले की कौतुक जरूर करा, आणि एक प्रश्नही विचारा : "रिकामे असेल तर हे काय करते?"

जयभीम! नमो बुद्धाय!